चंद्राच्या नावाचं खनिज

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही आपा म्हणतो. तिच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमोथेरपी सुरू व्हायची होती, तेवढ्यात भाच्यानं दुबईहून गोळ्यांच्या दोन बाटल्या पाठवल्या. एक लोहाची, दुसरी सेलेनियमची. आपानं विचारलं, "घेऊ का रे?" मी बी.ए., तोही साहित्याचा. पण सेलेनी ही ग्रीकांची चंद्रदेवी आणि १८१७ साली सापडलेल्या या मूलद्रव्याला स्वीडनच्या बर्झेलियसनं तिचंच नाव दिलं, हे वाचून मी अर्धा फितूर झालो. चंद्र आला की कवीचं असंच होतं.

पुढे वाचलं ते अधिकच मोहात टाकणारं होतं. पोलंडमधल्या श्चेचिन शहरात स्तनाच्या कर्करोगाच्या ५४६ रुग्णांच्या रक्तातलं सेलेनियम मोजलं होतं. २०१८ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्यात ते सर्वांत कमी होतं, त्या चौथ्या हिश्शातल्या सुमारे ६५ टक्के स्त्रिया दहा वर्षांनी हयात होत्या. सर्वाधिक असलेल्या हिश्शात सुमारे ८७ टक्के. २०२१ साली स्वीडनमधल्या जवळपास दोन हजार रुग्णांच्या पाहणीतूनही तसंच चित्र दिसलं.

मग गोळी का घेऊ नये? गोम इथेच आहे. आजारी माणसाचं जेवण तुटतं, अंगात दाह असतो, आणि दाहानंही रक्तातलं सेलेनियम उतरतं. म्हणजे कमी आकडा हे आजार बळावण्याचं कारण, की बळावलेल्या आजाराची सावली? नुसत्या मोजमापानं हे कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून काहींना खरी गोळी, काहींना खोटी द्यावी लागते. अमेरिकेत २००१ पासून पस्तीस हजारांवर पुरुषांवर, प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी, असा प्रयोग झाला. सेलेनियमनं तो टळला नाही; २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. आजार वेगळा, माणसं निरोगी, हे खरं. पण माझा उत्साह ओसरला.

शिवाय जास्त झालं तर हेच खनिज विष होतं. प्रौढाला रोज ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. पंजाबात होशियारपूर-नवांशहरकडच्या काही जमिनींत ते इतकं आहे की तिथला चारा खाऊन गुरांचे खूर झडले.

आणि लोह? अशक्त बाई दिसली की आपण आधी टॉनिक आणतो. २०२० साली अमेरिकेतल्या एका पाहणीत केमोच्या काळात लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये कर्करोग उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. हीसुद्धा नुसती पाहणीच, तेव्हा दोष गोळीचाच असं म्हणता येत नाही. रक्त तपासून डॉक्टरांनी लोह दिलं असेल तर ते मनानं बंद करू नये.

आपानं दोन्ही बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून लेबलं वाचली, आधी रक्त तपासू म्हणाले, आणि तोवर बाटल्या बंदच ठेवायला सांगितल्या. घरी येऊन आपानं भाच्याला फोन लावला, "बेटा, पुढच्या वेळी खजूर पाठव."