की-बोर्ड मुका का होतो?

टेंभुर्णीत घरच्या संगणकावर अभंग रेकॉर्ड करायला बसलात, की-बोर्डची पट्टी दाबली आणि आवाजच नाही, तर आधी एवढं लक्षात घ्या: १९८३ साली आलेल्या मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही. कोणता सूर, किती जोरात, एवढाच निरोप जातो. म्हणून ट्रॅकवर वाद्य निवडलंय का, १६ पैकी योग्य चॅनल आहे का, ते बघा.

सूर उशिरा उमटतोय? बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून घेतो तेवढे सॅम्पल, कमी करा. ४८,००० सॅम्पल रेटला १,०२४ चा बफर एकटाच सुमारे २१ मिलिसेकंद खातो. टाळ धरणाऱ्याला तेवढंही खटकतं. १२८ वर जेमतेम ३. आवाज तडतडला, तर २५६ वर या. मिक्सिंग करताना मात्र खुशाल वाढवा.