आई दिसते, आपण गोठतो

मी पेशाने आयटी कन्सल्टंट. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी मला बटाटेवड्यांच्या रांगेत गाठतंच. "अरे, तीनशेचा प्लॅन घेतलाय, तरी पुण्याहून आई म्हणते, तुमचं चित्र गोठलंय. असं का?"

कारण जाहिरातीतला तीनशेचा आकडा असतो डाऊनलोडचा. आजीला नातवंडं दिसतात ती आपल्या अपलोडवर. केबलच्या तारा मुळात टीव्हीसाठी टाकलेल्या. घरात येणारा रस्ता हमरस्ता, बाहेर जाणारी पायवाट! त्यात नेमके तेव्हाच घरातले फोन दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवत बसलेले असतात. इथल्या सरकारी एफसीसीच्या व्याख्येत २०१५ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला ३ मेगाबिट अपलोड पुरत होता. २०२४ मध्ये तो २० केला.

कंपनीला फोन करा. पाऊण तास संगीत, मग "मोडेम बंद करून चालू करा." मी माझी डिग्रीही सांगून पाहिली. परत तेच, "मोडेम बंद करून..."

एक बरं झालं. २०२४ मध्ये प्रत्येक प्लॅनला लेबल सक्तीचं झालं, खाऊच्या पाकिटावर कॅलरीचा तक्ता असतो ना, तस्संच. त्यात अपलोडचा आकडा असतो. सही करण्याआधी तो बघा. कॉलपुरता फोटोंचा बॅकअप थांबवा, जमलं तर लॅपटॉपला सरळ तार जोडा. फायबर मिळत असेल तर बहुतेकदा दोन्हीकडचा वेग सारखा असतो. आमच्या रस्त्यावर मात्र अजून खोदकामच व्हायचंय.