स्टेंट, बायपास की गोळ्या?

भिवंडीत अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की घरचे पहिलं विचारतात, ‘ब्लॉकेज किती टक्के?’ ऐंशी म्हटलं की हातपाय गळतात आणि ‘स्टेंट टाकून मोकळे व्हा’ असा सल्ला सुरू होतो. आज मला या घाईबद्दल बोलायचं आहे.

घाई करायचीच ती हार्ट अटॅकमध्ये. छातीवर दाब, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर रक्ताच्या गुठळीनं हृदयाची नळी बंद झालेली असू शकते. तेव्हा तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्यात वाद नाही. पण ठाण्याला किंवा मुंबईला जायचं म्हणजे वाटेत अंजूरफाटा, माणकोलीची वाहतूक कोंडी आलीच. म्हणून आधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढा. अटॅक ठरला आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन रुग्णाला पुढे पाठवतात. ते सर्वांना चालत नाही, डॉक्टर ठरवतील. पित्त झालं म्हणून सोडा पिऊन रात्र काढू नका.

आता दुसरा रुग्ण. जिना चढताना, कापडाचा तागा उचलताना छाती भरून येते, थांबलं की उतरते, महिनोन्‌महिने तसंच चालतं. याच्यासाठी ‘इस्किमिया’ नावाची मोठी चाचणी झाली. 5,179 रुग्ण, 37 देश, त्यांत भारतही. निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला औषधांबरोबर लगेच स्टेंट किंवा बायपास, दुसऱ्याला आधी फक्त औषधं. सुमारे तीन वर्षांनी मृत्यूंच्या प्रमाणात फरक दिसला नाही. ज्यांना वारंवार दुखत होतं, त्यांना मात्र पहिल्या मार्गानं जास्त आराम पडला. मृत्यूंत फरक का पडला नाही, याचं कारण समजून घ्या. स्टेंट एका जागेची अडचण दूर करतो. चरबीचा थर तर सगळ्या नळ्यांत असतो, आणि अटॅक पुष्कळदा लहानशा थराला तडा जाऊन येतो. स्टॅटिन, ॲस्पिरिन, रक्तदाबाची गोळी आणि तंबाखू सोडणं, हे सगळ्या नळ्यांसाठी काम करतं. मुख्य डावी नळी अरुंद असलेले किंवा हृदय फार कमजोर असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, हे विसरू नका.

मधुमेह आणि दोन-तीन नळ्या खराब असतील, तर माझं मत बायपासच्या बाजूचं आहे. 2012 च्या ‘फ्रीडम’ चाचणीत 1,900 मधुमेही होते. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात स्टेंटच्या गटात 26.6 टक्क्यांना, बायपासच्या गटात 18.7 टक्क्यांना. पक्षाघात तेवढा बायपासमध्ये अधिक, हेही सांगायला हवं. बायपासमध्ये लावलेला छातीच्या आतल्या धमनीचा जोड दहा वर्षांनीही बहुतेकांत चालू असतो. पायाच्या शिरेचा तेवढा टिकत नाही.

बायपासची अडचण मजुरीची आहे. छातीचं हाड भरून जड काम करायला दोन-तीन महिने जातात, आणि यंत्रमाग बंद तर पगार बंद. म्हणून कामगार स्टेंट मागतो. पण स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या अनेक महिने रोज घ्याव्या लागतात. गावी गेलो, गोळ्या संपल्या, असं झालं तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. गावी जाताना पुरेशा गोळ्या बरोबर न्या.

अटॅक नसेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: कोणती नळी, हृदयाची ताकद किती, आणि गोळ्यांवर काही आठवडे थांबता येईल का? ठरल्यावर पैशांसाठी अडू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. रेशनकार्ड आणि आधार आजच एका जागी काढून ठेवा.