अळणी कुणाला लागतं?

उष्टावणाच्या दिवशी मामाच्या मांडीवर बसून बाळ चांदीच्या वाटीतली खीर चाटतं, फोटो निघतात, आणि खरा प्रश्न दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात सुरू होतो. मऊ भात शिजतो. त्यावर मुगाच्या वरणाचं पाणी, साजूक तुपाचे दोन थेंब. आजी बोटावर घेऊन चाखते आणि म्हणते, "अगं, अगदीच अळणी आहे की! लेकराच्या घशाखाली उतरेल कसं?" आणि हात मिठाच्या बरणीकडे वळतो.

आजीची माया खरीच आहे. पण चाखणारी जीभ साठ-पासष्ट वर्षं लोणच्या-पापडावर वाढलेली आहे, बाळाची नव्हे. नुकत्या जन्मलेल्या मुलाच्या जिभेला गोड लावलं तर चेहरा खुलतो; खारटाचं त्याला फारसं काहीच वाटत नाही. ही चव साधारण चौथ्या महिन्यानंतर उमजू लागते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी 61 बाळांना दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात खारट पाणी चाखायला दिलं. मोठ्यांच्या ताटातले धान्याचे, पिठाचे पदार्थ ज्यांच्या तोंडी आधीच लागले होते, ती बाळं सहाव्या महिन्यात ते पाणी आवडीनं प्यायली. पुढे बालवाडीच्या वयात यातलीच मुलं खाऊवरचं मीठ चाटताना जास्त दिसली. 2012 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिभेला वळण इतक्या लवकर लागू शकतं.

आजीला एकटीलाच दोष द्यायचं कारण नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत बाळांच्या खाण्याच्या तयार बाटल्या घरोघरी पोचल्या, तेव्हा कंपन्याही त्यात मीठ घालत होत्या. कारण उघड होतं: बाटली विकत घेणारी आणि झाकण उघडून आधी चाखणारी आई होती. लुईस डाल या शास्त्रज्ञानं मिठाला संवेदनशील असलेल्या उंदरांना हेच खाणं दिलं, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला. वाद पेटला, समित्या बसल्या, आणि 1977 च्या सुमाराला मोठ्या कंपन्यांनी मीठ घालणं थांबवलं. बाळांची तक्रार आल्याची नोंद नाही!

मुळात बाळाला मीठ नकोच असतं असं नाही. सोडियमवाचून शरीर चालत नाही. पण ते आईच्या दुधातून मिळतंच. दिवसाला पाऊण लीटर दूध पिणाऱ्या बाळाला त्यातून जवळपास पाव ग्रॅम मिठाइतकं सोडियम जातं. गाईच्या दुधात ते साधारण तिप्पट. डाळ-तांदळात, भाज्यांत थोडं असतंच. ब्रिटनच्या आरोग्यसेवेनं घालून दिलेली मर्यादा अशी: एक वर्षापर्यंत सगळं मिळून दिवसाला एक ग्रॅमपेक्षा कमी मीठ, एक ते तीन वर्षं दोन ग्रॅम. चहाचा सपाट चमचा पाच-सहा ग्रॅमचा असतो, म्हणजे एक ग्रॅम किती ते डोळ्यांसमोर आणून पाहावं. दोन वेळच्या भातात आजीची सढळ चिमूट पडली की हिशेब जवळपास संपला.

बाळाचं मूत्रपिंड अजून पक्कं झालेलं नसतं. जास्तीचं मीठ बाहेर टाकायला त्याला मोठ्यांपेक्षा अधिक पाणी खर्चावं लागतं. 1962 साली अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एका रुग्णालयात साखरेच्या डब्यात चुकून मीठ भरलं गेलं, तेच बाळांच्या दुधात पडलं आणि सहा तान्ही मुलं दगावली. एवढी मात्रा घरच्या वरणात कधीच जात नाही, त्यामुळे आजवर चिमूट घातलेल्या आईनं धसका घेऊ नये. पण उलटी व्हावी म्हणून लहान मुलाला मिठाचं पाणी पाजण्याचा जुना उपाय मात्र खरोखर जीवघेणा आहे.

नेदरलँड्समध्ये 476 नवजात मुलांचे दोन गट करून एका गटाला सहा महिने कमी सोडियमचं दूध-खाणं दिलं. अखेरीस त्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी दोन अंकांनी कमी भरला. पंधरा वर्षांनी त्यांतली 167 मुलं पुन्हा तपासली, तेव्हाही साडेतीनच्या आसपास फरक होता. एका अभ्यासावर किती भार टाकायचा, हा प्रश्न रास्त आहे. दिशा मात्र दिसते.

मग करायचं काय? वरण-भाजी शिजली की मीठ पडण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढायची, मग पातेल्यात मीठ. चवीला जिरं आहे, चिमटीभर हिंग आहे, लाल भोपळ्याची मूळची गोडी आहे. वर्ष उलटलं की घरच्याच बेताच्या आमटीतून मीठ आपोआप येतं. त्यासाठी मुहूर्त लागत नाही. खरं मीठ चोरपावलांनी येतं ते पाव, खारी, बिस्किटं, चीज आणि वेफरमधून. पापडखार आणि खाण्याचा सोडा हीसुद्धा सोडियमचीच रूपं. सैंधव किंवा पादेलोण 'नैसर्गिक' म्हणून चालेल, हा समज चुकीचा. तेही सोडियमच, शिवाय त्यात आयोडीन बहुधा घातलेलं नसतं. दूध पाजणाऱ्या आईनं म्हणूनच आयोडीनयुक्त मीठ सोडू नये, कारण बाळाचं आयोडीन तिच्या दुधातून येतं.

एका प्रसंगी मात्र मीठ औषध होतं. जुलाबात जलसंजीवनीतली साखर आणि मीठ मिळूनच आतड्यातून पाणी शरीरात ओढतात, तेव्हा "बाळाला मीठ नको" म्हणून ती टाळू नये. पण ती अंदाजपंचे चिमटीनं करू नये. तयार पाकीट आणावं, त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात अख्खं विरघळवावं, आणि वाटी-चमच्यानं थोडंथोडं पाजत राहावं. बाळ मरगळलं, लघवी कमी झाली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावं.