नको असलेले माप



शास्त्रीय संशोधनातील नीती हा विषय चऱ्होलीच्या व्यासपीठावर कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सोपे आहे. या गावातून भोसरीला नि चाकणला कामावर जाणारी कितीतरी माणसे रोज मापे घेतात. तयार भाग गेजमध्ये बसला नाही, तर तो बाजूला काढायचा की आकडा जरा वळवून सही ठोकायची, हा प्रश्न त्यांना समजावून सांगावा लागत नाही. संशोधकापुढचा प्रश्नही तोच. फरक एवढाच की, कारखान्यात चुकीचा भाग पुढल्या जोडणीत अडतो आणि लबाडी उघडी पडते. शास्त्रात मात्र वळवलेला आकडा पाठ्यपुस्तकांतून, प्रसंगी कायद्यांतूनही, वर्षानुवर्षे सुखाने नांदू शकतो.

इरावतीबाई कर्वे हे नाव आपल्याला ‘युगान्त’मुळे ठाऊक आहे, आळंदीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना वारीवरच्या ‘वाटचाल’ या लेखामुळेही. आम्हांला आज त्यांच्या तरुणपणातील एक प्रकरण सांगावयाचे आहे. पुण्याच्या या सूनबाई कर्ज काढून बर्लिनला शिकावयास गेल्या. १९२७ साली तेथे मानववंशशास्त्राची एक मोठी संस्था निघाली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. फिशर यांचा तर्क असा की, गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची उजवी व डावी बाजू असमान असते, कारण त्यांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा. आणि म्हणून बुद्धीही श्रेष्ठ. हे सिद्ध करून दाखवण्याचे काम त्यांनी या विद्यार्थिनीवर सोपवले.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. निष्कर्ष निघाला तो असा की, कवटीच्या असमानतेचा वंशाशी काहीही संबंध नाही. त्यांनी प्रबंधात तेच लिहिले.

ऐकावयास ही गोष्ट सरळ वाटते. पण त्या विद्यार्थिनीची स्थिती ध्यानात घ्या. देश परका, भाषा परकी, डोक्यावर कर्ज, आणि पदवी देणे-न देणे त्याच गुरूच्या हाती. दोनचार मापे गाळली असती, तर कोणाला कळले असते? पदवी त्यांना मिळाली. पण गुरूने गुण मात्र अगदी कमी दिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १९३३ मध्ये, हिटलरच्या राज्यात, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या त्याच संस्थेकडे महायुद्धाच्या काळात आउश्वित्झच्या छळछावणीतून मानवी अवयव तपासणीसाठी येत होते. वळवलेल्या विद्येचा शेवट कोठे होतो, तो असा.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे आणि ती झाकणे हीच अनीती ठरेल. त्या कवट्या कोणाच्या होत्या? त्यांत जर्मनांच्या आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. मेलेल्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांच्या आप्तांनाही नाही. १९०४ ते १९०८ च्या संहारात बळी पडलेल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या २० कवट्या बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने नामिबियाला परत केल्या, त्या २०११ साली. माप प्रामाणिक असले तरी ज्याचे माप घ्यावयाचे त्याची संमती हवी, हा धडा जगाला उशिरा कळला. स्वतः इरावतीबाईंनीही पुढे महाराष्ट्रातील जातिसमूहांची शरीरमापे घेतली. त्या पद्धतीतील बरेचसे आजच्या शास्त्राने मागे टाकले आहे. परंतु पद्धत जुनी होणे निराळे आणि आकडा खोटा असणे निराळे. जुन्या पद्धतीला पुढचा अभ्यासक सुधारतो; खोटा आकडा मात्र त्या अभ्यासकालाच फसवतो.

आता नियम आले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असले तर चालते, ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. हे योग्यच आहे. पण संगणक उसनी वाक्ये पकडतो. गाळलेले माप पकडण्याचे यंत्र त्याच्यापाशी नाही. ते काम संशोधकाच्या मनाचे, आणि काही अंशी तुमचे-आमचेही आहे. आपल्या घरची मुलेमुली आता संशोधनाकडे वळत आहेत. त्यांना आपण विचारतो, “पदवी केव्हा मिळणार? निबंध किती छापले?” ही घाईच पुष्कळदा आकडा वळवावयास लावते. त्याऐवजी एखादे वेळी असे विचारावे, “तुझ्या प्रयोगातून काय निघाले? अपेक्षेपेक्षा वेगळे काही दिसले का?” आणि वेगळे दिसले म्हणून वर्षभर उशीर होणार असेल, तर तो उशीर घराने सोसावा. सरांच्या मर्जीविरुद्ध खरे लिहिणाऱ्या पोरीच्या पाठीशी घरचे माणूस उभे असेल, तर तिला ते लिहिणे थोडे सोपे जाईल.