रोटरी क्लबाच्या साप्ताहिक सभेतील भाषण

1951 साली प्रसिद्ध झालेल्या रोमच्या आज्ञापत्राने धर्मगुरूंस आपल्या सभांना उपस्थित राहण्याचीही मनाई केली होती. पुढे 1979 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्वतः रोममध्ये रोटरीच्या अधिवेशनापुढे भाषण केले. तथापि, मनांतील दुरावा केवळ भाषणांनी सरत नाही. तो एकत्र सेवेने सरतो. 1985 पासून रोटरीने पोलिओच्या उच्चाटनाचे कंकण बांधले. सरकार व असंख्य सेवकांच्या साहाय्याने 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आज आम्ही आपल्या गावांतील सर्व धर्मांच्या एकाकी वृद्धांची यादी आणली आहे. सभासमाप्तीची घंटा होण्यापूर्वी प्रत्येकाने तींतील एक नाव पत्करावे, हीच आमची नम्र विनंती.