‘इन्स्क्रिप्शन’: एक खेळ आणि दोन पक्ष

पत्त्यांचा डाव म्हटला कीं चार मंडळी, एक सतरंजी आणि दुपार घालविण्याची सोय, एवढेंच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु १९ ऑक्टोबर २०२१ रोजीं संगणकाच्या पडद्यावर खेळण्याचा ‘इन्स्क्रिप्शन’ नांवाचा जो पत्त्यांचा खेळ प्रसिद्ध झाला, त्यांत सतरंजी नाहीं आणि मंडळीही नाहींत. अरण्यांतील एक काळोखी झोपडी, मध्यें एक मेज, आणि मेजापलीकडे अंधारांत चमकणारे दोन डोळे! कॅनडांतील डॅनियल मलिन्स हे या खेळाचे कर्ते. डिसेंबर २०१८ मध्यें ‘बलिदान दिलेंच पाहिजे’ हा विषय घेऊन अल्प मुदतींत खेळ रचण्याची एक स्पर्धा झाली होती. तिच्यासाठीं त्यांनीं केलेल्या लहानशा खेळांतूनच हा मोठा खेळ वाढला.

खेळाची रीत साधी, पण क्रूर आहे. प्रत्येक पत्त्यावर एक प्राणी असतो. खारीला मोल लागत नाहीं. परंतु लांडगा मांडावयाचा तर मेजावरील दोन जिवांचा बळी द्यावा लागतो. मेलेल्यांचीं हाडें उरतात, आणि तींही कांहीं पत्त्यांची किंमत म्हणून चालतात. जय-पराजयाचा निवाडा एक तराजू करतो. कोणाचें तरी पारडें पांच मापांनीं झुकलें कीं डाव संपला. पारडें फारच विरुद्ध गेल्यास खेळाडूनें पकडीनें स्वतःचा दांत उपटून दुसऱ्या पारड्यांत टाकावा, अशीही सोय आहे. दोन मेणबत्त्या विझल्या म्हणजे खेळाडूचें छायाचित्र निघतें, आणि तो स्वतःच एक पत्ता होऊन पुढील खेळांत भेटतो.

हा आरंभीचा भाग उत्कृष्ट आहे, याविषयीं खेळणाऱ्यांत फारसा मतभेद नाहीं. रक्ताचा देखावा मांडून नव्हे, तर काळोख, मंद संगीत आणि यजमानाची शांत वाणी यांनीं भय निर्माण केलें आहे, ही प्रशंसा सर्वत्र आढळते. मेजावरून उठून झोपडींत हिंडावें, घड्याळ व तिजोरी यांचीं कोडीं सोडवावीं, ही मोकळीकही अनेकांना भावली.

वाद आहे तो पुढील भागांविषयीं. झोपडी सुटल्यावर खेळ एकाएकीं रूप पालटतो. प्रथम तो जुन्या काळच्या ठिपक्यांच्या चित्रांचा होतो, नंतर यंत्रमानवांच्या कारखान्यांत जातो. मधून मधून खऱ्या नटाची चलच्चित्रेंही दिसतात. एका पक्षाचें म्हणणें असें, कीं पहिला अंक इतका रंगला असतां पडदा पाडून दुसरेंच नाटक लावणें हा प्रेक्षकांचा विश्वासघात होय. भीति जमण्यास वेळ लागतो. मोडण्यास एक क्षण पुरतो. दुसरा पक्ष म्हणतो, कीं झोपडी हें कथेचें केवळ दार होतें. दारांतच बसून राहण्याचा हट्ट धरणाऱ्यानें घर पाहिलेंच नाहीं.

तिसरी तक्रार जाणत्या खेळाडूंची आहे. मरूनही हातीं परत येणारा आणि दर मरणागणिक बळ वाढविणारा सर्प गवसला, म्हणजे पुढें प्रतिस्पर्धी उरतच नाहीं, आणि भयही ओसरतें. कर्त्यानें या तक्रारींकडे पाठ फिरविली नाहीं. मार्च २०२२ मध्यें त्यानें एक विनामूल्य पुरवणी पूर्ण करून दिली. तींत झोपडीचाच डाव वाढत्या अडचणींसह हवा तितक्या वेळां खेळतां येतो. मूळ कथेला मात्र त्यानें हात लावला नाहीं. वाचकाची मागणी पुरवावी, पण त्यासाठीं लिहिलेला ग्रंथ फाडूं नये, हा विवेक त्यानें दाखविला. त्याच वर्षीं स्वतंत्र खेळकर्त्यांच्या महोत्सवाचें सर्वोच्च पारितोषिक या खेळास मिळालें.

तथापि या वादांत एक गोष्ट बहुधा निसटते. त्या जोडांत स्टोट नांवाचा मुंगसासारखा एक प्राणी आहे. तो बोलतो, आणि बळी दिला असतां कुरकुर करतो. पहिल्या तासांत त्याची कुरकुर ऐकून हात अडखळतो. दहाव्या तासांत तोच हात खारीमागून खार मारीत जातो, आणि मनांत हिशेबापलीकडे कांहीं उरत नाहीं. काळोखांतील डोळ्यांचें भय वाटेनासें झालें, अशी तक्रार पुष्कळ करतात. परंतु खेळणारा स्वतः किती निबर झाला, हें थोडेच पाहतात. खरें भयानक तें हेंच नव्हे काय?

कथेच्या अखेरीस तें सारें जग पुसलें जात असतां तोच झोपडीचा यजमान एक शेवटचा डाव मांडतो. तराजू पुढें उरत नाहीं, आणि हिशेब ठेवण्याची गरजही राहत नाहीं. हरण्याचें भय नसतांना खेळलेला तो एकच डाव अनेकांना सर्वांत हृदयस्पर्शी वाटला. झोपडी फार लवकर सुटली म्हणून हळहळणाऱ्यांना ती अशा रीतीनें परत भेटते. आणि मधली सारी वाट चालल्यावांचून या भेटीचें मोल कळलें नसतें, हें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें तेथें पटूं लागतें.